सतरा अंकी डेम्लो संख्या आणि पारी-जीपी: एका गणनप्रणालीचे परीक्षण

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, तीच राहते. नऊ एक शेजारीशेजारी लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग आहे. भास्कराचार्यांनी सांगितलेल्या अठरा स्थानांच्या नावांत सतरावे नाव ‘मध्य’ आणि अठरावे ‘परार्ध’. आपल्या संख्येचा पहिला अंक या मध्य स्थानी बसतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. त्या काळच्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकाशी हे नाव जोडलेले आहे, कारण या संख्यांचा विचार त्यांच्या मनात तेथे आला. कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीच्या शाळेत शिकवत होते. मी नाशिकला शनिवारी दुपारी आठवी ते दहावीच्या मुलांचा गणिताचा छोटा वर्ग घेतो, आणि देवळाली येथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे कापरेकरांच्या संख्या आमच्या वर्गात पाहुण्यांसारख्या नव्हे तर घरच्यांसारख्या येतात. या वर्गासाठी मी गेले वर्षभर पारी-जीपी ही संगणकावरची गणनप्रणाली वापरत आहे, आणि हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

साध्या साधनांनी का भागले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. खिशातल्या कॅल्क्युलेटरला सतरा अंक मावत नाहीत, हे उघडच आहे. पण स्प्रेडशीटमध्ये ही संख्या टाइप केली की पंधरा अंकांपुढचे सारे शून्य होते आणि समोर १२३४५६७८९८७६५४३०० उभे राहते. एका मोफत मोबाइल ॲपमध्ये मी १११११११११ चा वर्ग काढला, तेव्हा उत्तर १२३४५६७८९८७६५४३२० असे आले. शेवटचा एक नाहीसा झाला होता. याचे कारण असे की, अशी बरीच साधने आकडे ५३ द्विमान अंकांच्या, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत लिहिलेल्या ५३ स्थानांच्या, अचूकतेने साठवतात. ९००७१९९२५४७४०९९२ च्या पलीकडे गेले की त्यांना कोणतीही विषम संख्या दाखवता येत नाही, आणि जवळची सम संख्या हेच उत्तर म्हणून दिले जाते. कोणतीही सूचना येत नाही. फळ्यावर मुलाने हाताने गुणाकार करून बरोबर उत्तर काढावे आणि यंत्राने त्याला चुकीचे ठरवावे, हे शिक्षकाला सहन होणारे नाही. मोठ्या संख्येचे गुणधर्म पाहायचे असतील तर पहिली अट एकच: शेवटच्या अंकापर्यंत संख्या जशीच्या तशी राहिली पाहिजे.

पारी-जीपी ही अट पुरी करते. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात ऑन्री कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तिची सुरुवात केली, आणि आज करीम बेलाबास यांच्या देखरेखीखाली अनेक स्वयंसेवक ती वाढवत आहेत. ‘पारी’ हा आतला गणनसंच आहे आणि ‘जीपी’ ही आपण प्रत्यक्ष टाइप करून बोलायची खिडकी. तिला किंमत नाही. मुक्त परवान्याखाली ती कोणालाही उतरवून घेता येते. संख्येची लांबी केवळ संगणकाच्या स्मृतीने मर्यादित होते. सतरा अंकच काय, सतराशे अंकही ती तितक्याच निमूटपणे घेते.

जीपी उघडली की रंगीत बटणे, मेनू, चित्रे असे काही दिसत नाही. डाव्या कडेला एक प्रश्नचिन्ह येते आणि ती आपली वाट पाहत थांबते. मुलांना पहिल्या दिवशी हे रुक्ष वाटले. मला मात्र ते प्रश्नचिन्ह फार योग्य वाटते, कारण येथे विचारायचे काम आपले आहे. ‘फॅक्टर’ ही आज्ञा लिहून कंसात आपली संख्या टाकली आणि एंटर दाबले की डोळ्याचे पाते लवायच्या आत तीन ओळी येतात: पहिल्या ओळीत ३ आणि ४, दुसरीत ३७ आणि २, तिसरीत ३३३६६७ आणि २. डावीकडे मूळ अवयव आणि उजवीकडे त्यांचे घातांक. आठवीतल्या एका मुलीने हे सगळे आकडे एकमेकांना गुणले आणि उत्तर जुळत नाही म्हणून ती हिरमुसली. उजवा स्तंभ घातांकांचा आहे हे कळताच तिने वहीत ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग असे मांडले, आणि सगळे घातांक सम आहेत, म्हणजेच संख्या पूर्ण वर्ग आहे, हे कोणी न सांगता तिनेच दाखवले. नवख्या माणसाला या मांडणीची सवय लावावी लागते, पण एकदा ती लागली की शाळेतल्या ‘मूळ अवयव पाडा’ या प्रकरणाचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो.

येथे मी वर्ग थांबवला आणि संगणक बंद करायला लावला. ३३३६६७ हा अवयव आला कोठून, हा प्रश्न फळ्यावर लिहिला. नऊ एक तीन-तीनच्या गटांत लिहिले की १११ १११ १११ असे दिसतात. म्हणजे ही संख्या १११ गुणिले १००१००१ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, हे मुलांना पाठ असते. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो, आणि भागाकार येतो ३३३६६७. झाले! यंत्राने जे क्षणात दिले ते खडूने पाच मिनिटांत मिळाले, आणि शिवाय कारणही हाती आले. त्याच मांडणीतून आमच्या मूळ संख्येला १११ ने भागले तर १११२२२३३३२२२१११ हा भागाकार येतो, हेही दिसले. तो फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे आली. जीपीचा खरा उपयोग मला असा दिसतो: तिचे उत्तर आधी घ्यायचे आणि मग ते तसेच का, हे हाताने शोधायचे. उलट क्रमानेही चालते, पण मुलांच्या बाबतीत हा क्रम मला अधिक फळताना दिसला.

३३३६६७ बद्दल आणखी थोडे सांगतो, कारण हा अवयव त्या लायकीचा आहे. १ ला ३३३६६७ ने भागले तर ०.०००००२९९७०००००२९९७ असा आवर्ती दशांश मिळतो आणि त्यात नऊ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो. जीपीमध्ये ‘झेडएनऑर्डर’ ही आज्ञा हे आवर्तन थेट सांगते. उत्तर ९ येते. विशेष असे की, ज्याच्या व्यस्तात नेमके नऊ अंकांचे आवर्तन असते अशी मूळ संख्या ही एकटीच आहे. तसेच तीन अंकांचे आवर्तन असलेली मूळ संख्या ३७ हीही एकटीच. म्हणजे आमच्या डेम्लो संख्येचे दोन मोठे मूळ अवयव दोघेही आपापल्या आवर्तनात एकटे आहेत. मला ही गोष्ट माहीत होती, पण मुलांनी एक ते हजारपर्यंतच्या मूळ संख्यांची आवर्तने जीपीकडून छापून घेऊन ३७ समोरच ३ येतो हे पाहिले, त्याची सर माझ्या सांगण्याला नाही.

बाकीचे गुणधर्म एकेका आज्ञेचे आहेत. ‘नमडिव्ह’ म्हणते विभाजक ४५. घातांकांत एकेक मिळवून ५, ३ आणि ३ गुणले की हेच येते, आणि पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते हा नियमही पडताळला जातो. ‘सिग्मा’ सर्व विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ अशी देते. त्यातून स्वतः संख्या वजा केली की उरतात ६६०८६००६०५१७३२५८, जे मूळ संख्येपेक्षा कमी आहेत. म्हणून ही न्यून संख्या. ‘ऑयलरफाय’ने तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ शिवाय समान विभाजक नसलेल्या, तिच्याहून लहान संख्यांची मोजदाद ८००७९८३९९१९९२०१६ अशी दिली. येथवर उत्तम.

पण एका ठिकाणी जीपीने मला तयार उत्तर दिले नाही, आणि त्याचे मला समाधान आहे. दहावीतल्या एका मुलाने विचारले, ‘सर, ही संख्या दोन वर्गांची बेरीज होते का?’ त्यासाठी अशी एखादी सोपी, नावावरून ओळखू येणारी आज्ञा मला तेव्हा सापडली नाही. लूप, म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारी ओळ, लिहून कोट्यवधी संख्या तपासता आल्या असत्या. आम्ही तसे न करता अवयवांकडे पाहिले. ३ आणि ३३३६६७ या दोन्ही मूळ संख्यांना ४ ने भागले तर बाकी ३ उरते, त्यामुळे त्या स्वतः दोन वर्गांत फुटत नाहीत. ३७ ला भागले तर बाकी १ उरते, म्हणून जे काही व्हायचे ते ३७ मध्येच. आणि ३७ चा वर्ग म्हणजे १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग, हे पायथागोरसचे त्रिकुट मुलांच्या माहितीचे होते. ९ गुणिले ३३३६६७ म्हणजे ३००३००३. त्याने १२, ३५ आणि ३७ या तिन्हींना गुणले, आणि फळ्यावर काटकोन त्रिकोणाच्या बाजू उभ्या राहिल्या: ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि कर्ण १११११११११. मग मात्र जीपी उघडून दोन्ही वर्गांची बेरीज केली. उत्तर अंकाला अंक जुळले. असा त्रिकोण एकच आहे, हेही त्याच कारणाने सिद्ध होते. गेल्या वर्षातल्या शनिवारांपैकी हा मला सर्वांत प्रिय आहे.

आता प्रणालीच्या ज्या गुणामुळे मी तिची मनापासून शिफारस करतो, त्याकडे येतो. मोठी संख्या मूळ आहे की नाही, या प्रश्नाला जीपीमध्ये दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘इझस्यूडोप्राइम’ एक कडक चाचणी लावते. त्या चाचणीला फसवणारी एकही संयुक्त संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही, तरीही अशी संख्या नसतेच असे सिद्ध झालेले नाही. ‘इझप्राइम’ मात्र सिद्धता देते. सुमारे २० अंकांपर्यंत, म्हणजे २ च्या ६४ व्या घातापर्यंत, पहिल्या आज्ञेची चाचणी कधीच चुकत नाही हे पडताळलेले आहे, म्हणून तेथे दोन्हींत फरक राहत नाही, त्यापुढे राहतो. १९ एकांची संख्या मूळ आहे, २३ एकांची आहे, आणि मग थेट ३१७ एकांची. ३१७ एक दोन्ही आज्ञांना दिले तर पहिली झटकन ‘१’, म्हणजे ‘हो’, म्हणते, दुसरी थोडा वेळ घेते आणि मग ‘१’ म्हणते. उत्तर एकच, पण त्यामागची जबाबदारी वेगळी. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता १९८६ साली झाली, आणि तोपर्यंत ती मूळ असावी असेच म्हणावे लागत होते. ‘असावी’ आणि ‘आहे’ यांतला हा फरक मुलांना शिकवायला मला याहून चांगले साधन सापडले नाही. एक बाब मात्र वापरणाऱ्याने लक्षात ठेवावी: ‘फॅक्टर’ जे मोठे अवयव देते ते मूळ असल्याची सिद्धता ती आपणहून करत नाही, तशी मागणी वेगळी करावी लागते. माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिले आहे, आणि असे स्पष्ट लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास अधिक बसतो.

ताकदीचा अंदाज यावा म्हणून ७१ एकांची संख्या दिली. १९८४ च्या सुमारास अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत डेव्हिस, होल्ड्रिज आणि सिमन्स यांनी क्रे महासंगणकावर तिचे अवयव पाडले, तेव्हा ती मोठी बातमी होती. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी आज्ञा दिली आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो. चहा गाळून परत आलो तेव्हा पडद्यावर दोनच अवयव होते: २४१५७३१४२३९३६२७६७३५७६९५७४३९०४९ हा तीस अंकी आणि दुसरा एकेचाळीस अंकी. चाळीस वर्षांत यंत्रे सुधारली हे खरेच, पण त्यांच्यामागची गणिती रीत अशी सर्वांच्या हाती विनामूल्य ठेवली गेली, याचे मोल मला अधिक वाटते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. साऱ्या आज्ञा आणि सारे साहाय्य इंग्रजीत आहे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मला आज्ञांची एक मराठी तक्ती करून भिंतीवर लावावी लागली. देवनागरी अंक चालत नाहीत. लाख-कोटीचे स्वल्पविराम संख्येत घातले तर जीपी प्रत्येक तुकडा वेगळा समजते आणि चूक दाखवते. मी स्वतः पहिल्या आठवड्यात हेच करत होतो. नाव देण्यासाठी एक बरोबरचिन्ह आणि तुलनेसाठी दोन, हा फरक मुले वारंवार विसरतात. फार मोठ्या कामासाठी स्मृतीची मर्यादा आधी वाढवून ठेवावी लागते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती बसते. अँड्रॉइडसाठी ‘पारीड्रॉइड’ आहे. आणि काहीच बसवायचे नसेल तर प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच चालणारी जीपी आहे, जिची गणिते आपल्याच यंत्रावर होतात. शाळेच्या संगणककक्षात परवानगीची अडचण येते तेथे मी ही ब्राउझरमधली आवृत्ती वापरतो. ज्यांना केवळ एखाद्या संख्येचे अवयव एकदाच हवे आहेत, त्यांनी एवढे शिकण्याची तसदी घेण्याचे कारण नाही. ज्यांना प्रश्नामागून प्रश्न सुचतात, त्यांनी अवश्य घ्यावी.

कापरेकरांच्या दोन कल्पनांसाठी तर जीपी जणू बेतलेलीच आहे. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. ‘समडिजिट्स’ आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ सांगते, ८१ म्हणजे ३ चा चौथा घात, आणि तो तर अवयवांत आहेच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. दुसरी कल्पना स्वयंभू संख्येची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, पहिली ही दुसरीची जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू. सतरा अंकांची बेरीज १५३ हून अधिक होऊ शकत नाही, म्हणून जनक शोधायचा तर मागच्या १५३ संख्या पाहिल्या की पुरे, हे मुलांनीच ठरवले आणि एका ओळीचा लूप लिहिला. जीपीने एकच ओळ छापली: १२३४५६७८९८७६५४२४०. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की आमची डेम्लो संख्या.

मग एक ते नऊ एकांच्या सर्व वर्गांचा तक्ता झाला. १ आणि १२१ स्वयंभू निघाले. १२३२१ चा जनक १२३१२, १२३४३२१ चे दोन, १२३४२९५ आणि १२३४३०४, १२३४५४३२१ चा १२३४५४२८६, आणि तसेच पुढे प्रत्येकाला एक जनक. दहा एकांच्या वर्गात हातचा शिरतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा तो देखणा क्रम मोडतो, म्हणून तेथे तरी स्वयंभू संख्या मिळेल अशी मुलांची अटकळ होती. जीपीने जनक दाखवला: १२३४५६७९००९८७६५४२३५. १२१ नंतर पुन्हा स्वयंभू वर्ग येतो का, हे पाहण्यासाठी येत्या शनिवारी लूप शंभर एकांपर्यंत नेण्याचे मुलांनी ठरवले आहे.